‘डोळे पूर्ण बरे झाले’ : ऑगस्टस देस्ते यांचं प्रकरण

डिसेंबर १८२२. अठ्ठावीस वर्षांचे ऑगस्टस देस्ते इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या रॅम्सगेटहून निघून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पोचले. ज्या नातेवाइकांना ते वडिलांच्या जागी मानत, त्यांच्याकडे थोडे दिवस राहावं एवढाच बेत होता. पोचले तेव्हा ते गृहस्थ वारले होते. अंत्यसंस्काराला माणसं खूप होती. चारचौघांत रडू येऊ नये म्हणून ऑगस्टस यांनी फार धडपड केली, पण रडू आवरलं नाही. नंतर लवकरच आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि उत्तरंही दुसऱ्याकडून लिहून घ्यायची वेळ आली. बारीक वस्तूवर नजर रोखली की ती पुसट होई. वाचायला घेईपर्यंत किंवा पिसाच्या लेखणीला टोक काढायला बसेपर्यंत डोळ्यांना काही झालंय याची त्यांना जाणीवच नव्हती.

पुढे ते आयर्लंडला गेले. डोळ्यांवर काहीही उपचार केला नाही, तरी नजर पूर्ववत झाली. रोजनिशीत त्यांनी लिहून ठेवलं की डोळ्यांची ताकद आणि स्पष्टता पूर्णपणे परत आली.

हे ‘पूर्णपणे’ मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच दोनशे वर्षांपूर्वीचं हे प्रकरण मी निवडलं. आजही मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) असलेला माणूस नेत्रतज्ज्ञाकडे येतो, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि कागदावर ६/६ लिहून घरी जातो. त्याच्या रेटिनातले, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातले, हजारो तंतू मात्र कायमचे गेलेले असू शकतात. नजर परत येते ती एका वाटेने, तंतू जातात ते दुसऱ्या वाटेने. या दोन्ही वाटा एकत्र पाहायच्या तर देस्ते यांच्याइतका प्रामाणिक साक्षीदार मिळणं कठीण.

रुग्ण कोण

जन्म १३ जानेवारी १७९४. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे हे नातू. वडील ड्यूक ऑफ ससेक्स, आई लेडी ऑगस्टा मरे. राजाच्या परवानगीशिवाय झालेलं हे लग्न कायद्याने रद्दबातल ठरलं, त्यामुळे मुलाला राजघराण्यातलं स्थान मिळालं नाही. राणी व्हिक्टोरिया त्यांची चुलत बहीण. आजाराच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट कामाची : त्यांच्याकडे सवड होती, फिरायला पैसा होता, नामांकित डॉक्टर होते, आणि स्वतःच्या शरीराकडे बारकाईने पाहून तारखेनिशी लिहून ठेवण्याची चिकाटी होती. १८२२ पासून १८४६ पर्यंतच्या नोंदी त्यांच्या रोजनिशीत आहेत. विसाव्या शतकात डॉ. डग्लस फर्थ यांनी ही रोजनिशी अभ्यासून १९४८ मध्ये हे प्रकरण जगापुढे मांडलं. एमएस म्हणून सर्वसाधारणपणे मान्य झालेल्या आजाराचं रुग्णाने स्वतः लिहिलेलं इतकं जुनं आणि इतकं सविस्तर वर्णन दुसरं नाही, असं मेंदूविकारतज्ज्ञ मानत आले आहेत.

ते लिहीत होते तेव्हा या आजाराला नावही नव्हतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तां शार्को यांनी त्याची नीट मांडणी केली ती १८६८ मध्ये. त्याआधी वीस वर्षं देस्ते गेले होते.

पुढचा प्रवास

पहिल्या झटक्यानंतरच्या काही वर्षांत दृष्टीचा त्रास पुन्हा येऊन गेला. मग १८२७ चं शरद आलं. ते इटलीत, फ्लॉरेन्समध्ये होते. आधी नजरेत गोंधळ, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसू लागली. प्रत्येक डोळ्याला आपापलं वेगळं चित्र दिसतंय, अशा अर्थाची नोंद आहे. तिथल्या डॉक्टरांनी निदान केलं पित्ताचं. कानशिलाला दोनदा जळवा लावल्या, जुलाब दिले, एकदा वांती करवली, दंडातून दोनदा रक्त काढलं. वमन, विरेचन, रक्तमोक्षण हे शब्द ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही यादी परकी वाटणार नाही. तिकडेही तेव्हा शरीराचा हिशेब दोषांवरच मांडला जाई.

काही दिवसांनी दुहेरी दिसणं थांबलं. श्रेय अर्थात जळवांना. पण १८२२ च्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं आहे की तेव्हा काहीच केलं नव्हतं आणि तरीही नजर परतली होती. त्याच रुग्णाची तीच रोजनिशी शेजारी ठेवली असती तर डॉक्टरांना थांबून विचार करावा लागला असता. एमएसच्या झटक्यांचा हा स्वभावच आहे. ते येतात, काही आठवडे टिकतात आणि बऱ्याच अंशी ओसरतात. त्या आठवड्यांत जे औषध हाताशी असेल त्याच्या नावावर सुधारणा जमा होते. हे आजही रोज घडतं, फक्त जळवांच्या जागी वेगवेगळी चूर्णं, काढे आणि इंजेक्शनं आली.

डोळे निवळतात तोच पायांची ताकद दिवसेंदिवस उतरू लागली. माकडहाड आणि त्याखालच्या भागात बधिरपणा आला. डिसेंबरच्या सुरुवातीला एका दिवसात दोनदा ते जमिनीवर पडले आणि तीनेक आठवडे अगदी क्षीण अवस्थेत होते. मग त्यातूनही उठले. पुढच्या वर्षांत लघवीच्या तक्रारी, लैंगिक अडचणी, चालताना तोल जाणं, आणि १८४० नंतर चाकांची खुर्ची, पायांत वेदनादायक आकडी. डिसेंबर १८४८ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मृत्यू.

हा एमएसच का

शंका घेण्यासारखी एक जागा आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये. एमएसमध्ये दृष्टिचेतेला, म्हणजे ऑप्टिक नर्व्हला सूज येते तेव्हा बहुधा एकाच डोळ्यावर परिणाम होतो आणि डोळा हलवताना दुखतं. या सुजेच्या, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिसच्या, अमेरिकेतल्या मोठ्या उपचार-चाचणीत ४५७ रुग्ण होते. त्यातल्या ९२ टक्क्यांना वेदना होती. देस्ते मात्र ‘डोळे’ असं अनेकवचनात लिहितात आणि दुखण्याचा उल्लेख करत नाहीत.

पण दोन्ही डोळे उघडे ठेवून जगणाऱ्या माणसाला एक डोळा बिघडला हे अनेकदा कळतच नाही. एक डोळा झाकून पाहायला कुणी सांगितलं नाही तर तो ‘डोळ्यांना’ असंच म्हणतो. दवाखान्यातही हाच अनुभव येतो. “दोन्ही डोळ्यांनी कमी दिसतंय” म्हणणाऱ्याचा एक डोळा तळहाताने झाकला की तो चमकून म्हणतो, “अरे, या डोळ्याला तर छान दिसतंय!”

दुसरा विचार करायचा तो न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाचा. तो आजारही डोळे आणि मणक्यातली मज्जारज्जू यांवरच घाला घालतो, आणि भारतात संशयित रुग्णांमध्ये तो नेहमी तपासून पाहावा लागतो, कारण त्याची औषधं वेगळी आहेत आणि एमएसची काही औषधं त्यात अपाय करतात. त्याची प्रतिपिंडं, म्हणजे अक्वापोरिन-४ विरुद्धची, २००४ नंतर रक्तात शोधता येऊ लागली. पण त्यातले झटके जास्त निष्ठुर असतात, नजर अनेकदा अर्धवटच परतते, आणि झटक्यांच्या मधल्या काळात हळूहळू घसरत जाणं सहसा नसतं. देस्ते यांच्याकडे याच्या उलट चित्र आहे. सुरुवातीला येऊन-जाऊन करणारे झटके, मेंदूच्या खोडाकडे बोट दाखवणारं दुहेरी दिसणं, मग मज्जारज्जू, आणि शेवटच्या दशकात झटक्यांशिवाय चाललेली सरळ उतरण. सव्वीस वर्षांचा हा आलेख एमएसचाच आहे.

आत काय घडत होतं

रेटिना हा भ्रूणावस्थेत मेंदूतूनच बाहेर आलेला तुकडा आहे. त्यातल्या गँग्लियन पेशींपासून प्रत्येकी एक लांब तंतू निघतो. प्रत्येक डोळ्यात असे दहा लाखांच्या आसपास तंतू रेटिनाच्या पृष्ठभागावरून सरकत एका चकतीपाशी गोळा होतात आणि तिथून दृष्टिचेता बनून मेंदूकडे जातात. रेटिनात असेपर्यंत हे तंतू उघडे असतात. मायलिनचं आवरण त्यांच्यावर चढतं ते डोळ्याच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडल्यावर. एमएसचा हल्ला मुख्यतः मायलिनवर. म्हणजे घाव बसतो तो डोळ्याच्या मागे, आणि रेटिनात दिसते ती त्या घावाची परतलेली हानी. मागे तुटलेला तंतू उलट दिशेने, आपल्या पेशीपर्यंत, आठवड्यांमागून आठवडे वाळत येतो. शेतातली पाइपलाइन रस्त्यापलीकडे फुटावी आणि आपल्या बांधावरचं झाड महिन्याभराने सुकलेलं दिसावं, तसं काहीसं.

मग नजर परत कशी येते? सूज उतरली की दाबलेले पण न तुटलेले तंतू पुन्हा संदेश वाहू लागतात. मायलिन गेलेल्या भागात सोडियमच्या वाहिन्या पसरतात आणि अडखळत का होईना वहन सुरू होतं. थोडं मायलिन नव्याने, पातळसं, चढतं. आणि मेंदू उरलेल्या तुटपुंज्या संदेशांतून चित्र पुरं करायला शिकतो. या चारही गोष्टींत तुटलेला तंतू पुन्हा उगवणं कुठेच नाही. गेलेली गँग्लियन पेशी माणसात परत येत नाही.

देस्ते यांच्या नोंदीतलं ‘पूर्णपणे’ खोटं नव्हतं. मोजायला जे साधन होतं त्याने ते खरंच होतं. आणि साधन होतं तरी काय? स्नेलेनचा अक्षरतक्ता आला १८६२ मध्ये. हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्यात डोकावण्याचं ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवलं १८५१ मध्ये, देस्ते गेल्यानंतर तीन वर्षांनी. जिवंत माणसाच्या रेटिनात तोवर कुणी नीट पाहिलेलंच नव्हतं. मोजमाप होतं ते एकच, पिसाच्या लेखणीला टोक काढता येतं की नाही.

खरं सांगायचं तर ही चाचणी वाईट नाही. फिकट पीस, फिकट कागद, बारीक चीर. कमी उठावाची (कॉन्ट्रास्टची), बारीक तपशिलाची दृष्टी त्यात लागते, आणि एमएसमध्ये आधी तीच जाते. पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं वाचायला थोडे तंतूही पुरतात. म्हणून आता एमएसच्या रुग्णांसाठी पांढऱ्या तक्त्यावर अगदी फिकट करड्या अक्षरांची, २.५ आणि १.२५ टक्के उठावाची तपासणी वापरतात. आपल्याकडची एखादी बाई “तांदळातला पांढरा खडा दिसत नाही हल्ली” असं सांगते तेव्हा ती हीच चाचणी नापास झाल्याचं सांगत असते. तिला ६/६ चा कागद दाखवून “डोळे चांगले आहेत, टेन्शन घेऊ नका” म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. लाल रंग एका डोळ्याला विटकरी दिसणं, उन्हातून चालून आल्यावर किंवा गरम पाण्याने आंघोळ केल्यावर तासभर धूसर होणं, संध्याकाळी जिन्याची पायरी न उमगणं, या सगळ्या तक्रारी तक्त्यात बसत नाहीत आणि सगळ्या खऱ्या असतात.

डोळ्याच्या आत लिहिलेली रोजनिशी

१९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लार्स फ्रिसेन आणि विल्यम हॉइट यांनी एमएसच्या रुग्णांच्या डोळ्यांत लाल रंग वगळलेल्या, हिरवट प्रकाशाने पाहिलं. त्या प्रकाशात तंतूंचा थर रेशमी रेघांसारखा चमकतो. या रुग्णांत त्या चमकीत मधेमधे बारीक काळ्या फटी होत्या, जिथले तंतू गेले होते. विलक्षण म्हणजे ज्यांना डोळ्याचा झटका आल्याचं आठवतही नव्हतं, अशांतही त्या दिसल्या. त्यांनी या झिजेला ‘चोरपावलांनी येणारी’ अशा अर्थाचं विशेषण वापरलं. त्याच्या दोन वर्षं आधी लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि मुशिन यांनी दुसऱ्या बाजूने तेच दाखवलं होतं. बुद्धिबळाच्या पटासारख्या उलटसुलट होणाऱ्या चौकटी पाहताना मेंदूच्या मागच्या भागात उमटणारी लहर बऱ्या झालेल्या डोळ्यातही उशिराच पोचते.

फटी डोळ्याने पाहणं हे कसबी माणसाचं काम. मोजणं शक्य झालं ते ओसीटीमुळे, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीमुळे. १९९१ मध्ये अमेरिकेत हे तंत्र पुढे आलं. प्रकाशाच्या परावर्तनातून रेटिनाचे थर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजायचे, सुई नाही, क्ष-किरण नाहीत, हनुवटी टेकवून दोन मिनिटं बसायचं. निरोगी डोळ्यात चकतीभोवतीच्या तंतूंच्या थराची सरासरी जाडी १०० मायक्रॉनच्या आसपास असते, साधारण एका केसाएवढी. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा : ऑप्टिक न्यूरायटिस होऊन गेलेल्या एमएसच्या डोळ्यात हा थर निरोगी डोळ्यापेक्षा सरासरी २० मायक्रॉनने पातळ असतो. आणि ज्या डोळ्याला असा झटका कधी आलाच नाही, तोही सुमारे ७ मायक्रॉनने पातळ.

हा दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. झटक्याशिवायही घट आहे. देस्ते यांच्या रोजनिशीत १८२७ नंतर डोळ्यांच्या नोंदी मागे पडतात आणि पाय, मूत्राशय, आकडी यांनी पानं भरतात. डोळ्यांनी तक्रार करणं थांबवलं म्हणजे रेटिना शाबूत राहिला, असं आज कुणी म्हणणार नाही. ज्यांचा हा थर मुळातच पातळ, त्यांचं अपंगत्व पुढच्या वर्षांत वाढण्याचा धोका साधारण दुप्पट, असं २०१६ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं. मेंदूची झीज आणि रेटिनाची झीज बरोबरीने चालते. म्हणून या पातळ थराला पाहणं म्हणजे मेंदूकडे खिडकीतून पाहणं.

आज हे देस्ते आले असते तर

पहिल्या झटक्यात एमआरआय झालाच असता. त्या ४५७ रुग्णांच्या चाचणीचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा सांगतो की मेंदूत एकही डाग नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना पुढे एमएस झाला, आणि एक किंवा अधिक डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर परतली, पण अखेरीस किती परतली यात फारसा फरक पडला नाही. नेहमीच्या मात्रेत फक्त तोंडाने दिलेल्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडने तर झटके पुन्हा येण्याचं प्रमाण वाढलं. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण ‘गोळ्या घेऊन बघू’ हा सल्ला अजून ऐकू येतो. देस्ते यांचं आयर्लंडमध्ये विनाउपचार बरं होणं या चाचणीच्या निष्कर्षाशी अगदी जुळतं.

ओसीटीत मात्र घाई केली असती तर फसलो असतो. झटक्याच्या सुरुवातीला सुजेमुळे तंतूंचा थर उलट जाड दिसतो. आकडा चांगला वाटतो आणि हानी झाकली जाते. तो खरा आकडा दाखवतो तीन ते सहा महिन्यांनी. गँग्लियन पेशींचा थर या बाबतीत अधिक प्रामाणिक. त्याला तशी सूज येत नाही, त्यामुळे काही आठवड्यांतच त्याची घट दिसू लागते. दोन डोळ्यांतला फरकही बोलतो. पेशींच्या थरात ४ मायक्रॉनचा फरक असेल तर एका बाजूची चेता कधीतरी दुखावली आहे असं धरायला आधार मिळतो, भले रुग्णाला झटका आठवत नसो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमएसच्या निदानाच्या सुधारित मॅकडॉनल्ड निकषांत, ज्या जागांवरची हानी निदानासाठी धरतात त्यांत दृष्टिचेतेला पाचवी जागा म्हणून मान मिळाला आणि ओसीटीचा पुरावा त्यात ग्राह्य धरला गेला. लंडनच्या चौकटींच्या प्रयोगातले मॅकडॉनल्ड ते हेच.

आपल्याकडे ओसीटीचं यंत्र आता जिल्ह्याच्या गावीही सापडतं, पण ते वापरलं जातं मुख्यतः काचबिंदू आणि मधुमेहासाठी. त्यामुळे एक चूक होते, ती इथे सांगून ठेवतो. अहवालात लाल रंगाने ‘थर पातळ’ आलं की काचबिंदू समजून थेंब सुरू होतात. काचबिंदूत वरचे आणि खालचे तंतू आधी जातात. एमएसमध्ये कानशिलाकडच्या बाजूचे, मध्यदृष्टीचे तंतू आधी पातळ होतात. तिशीतल्या रुग्णाचा डोळ्याचा दाब नेहमीसारखा, चकतीत खोलगटपणा कमी आणि फिकेपणा जास्त, आणि पातळपणा कानशिलाकडे, असं दिसलं तर मुंग्या, बधिरपणा, तोल, लघवी यांबद्दल विचारायलाच हवं. आणखी एक : जाड उणे नंबरचा चष्मा असेल तर थर मुळातच पातळ मोजला जातो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. फिंगोलिमॉडसारखं एमएसचं औषध सुरू असेल तर तीन-चार महिन्यांनी रेटिनाच्या मध्यभागी पाणी साचलंय का, तेही त्याच यंत्रावर पाहावं लागतं.

देस्ते यांच्यासाठी मी लिहिला असता तो कागद साधा आहे. झटका ओसरल्यावर सहा महिन्यांनी दोन्ही डोळ्यांचं ओसीटी, तंतूंचा थर आणि गँग्लियन पेशींचा थर दोन्ही. फिकट अक्षरांच्या तक्त्यावर प्रत्येक डोळा वेगळा. अहवालाची छापील प्रत रुग्णाच्या हातात, यंत्राच्या नावासकट. मग वर्षातून एकदा त्याच यंत्रावर तेच मोजमाप, आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ती सगळी फाइल बरोबर. चोवीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्या या माणसाने एवढं नक्की सांभाळलं असतं.